भिलाईतला रविवार आणि एकशेचाळीस कोटींचं कुटुंब

पोलाद कारखान्याच्या गावात केरळचा मलयाळी, जशपूरचा उरांव, तमिळ आणि गोवेकर एकाच प्रार्थनेला उभे राहतात. रोमपासून हजारो मैल दूर असलेल्या या कॅथलिक घरांची मुळं नेमकी कुठं कुठं पसरली आहेत?

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर मागं पडलं, डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं, की दुर्ग येतं आणि दुर्गला खेटूनच भिलाई. दुरून आधी दिसतात त्या कारखान्याच्या चिमण्या. रस्ते सरळ, झाडं भरपूर, वस्तीला सेक्टरचे आकडे. या आकड्यांच्या गर्दीत एका वस्तीचं नाव मात्र निराळं आहे: हुडको. घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळाचं लांबलचक इंग्रजी नाव आखडून ही तीन अक्षरं झाली आणि तीच वस्तीला चिकटली. आज तिथल्या पोराला हुडको म्हणजे काय विचारलं तर ‘आमचं घर’ एवढंच उत्तर मिळेल.

भिलाईला लोक कौतुकानं ‘मिनी इंडिया’ म्हणतात, आणि ते खोटं नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भाताच्या शेतांच्या मुलखात एकदम हजारो माणसं लागली. फिटर, वेल्डर, क्रेनचालक, नर्स, मास्तर, टंकलेखक. आंध्रातून आले, बंगालमधून आले, पंजाबातून आले. मराठी माणसाला तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. इथल्या जुन्या मराठी घरांत अजूनही ‘नागपूरला जाऊन येतो’ हे वाक्य ‘शहरात जाऊन येतो’ अशा सुरात बोललं जातं.

या सगळ्यांबरोबर कॅथलिक ख्रिस्तीही आले. गंमत अशी की, ज्या देशाचं सरकार देव मानत नव्हतं त्या देशाच्या तंत्रज्ञांनी कारखाना उभारला, आणि त्याच्या सावलीत देवळं, मशिदी, गुरुद्वारे आणि चर्च अशी सगळीच उभी राहिली. भट्टीत ओतायचं खनिज दल्ली-राजहऱ्याचं, चुनखडी नंदिनीची आणि माणसं मात्र साऱ्या देशाची.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा असते. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. भाकर आणि द्राक्षरस अर्पण करून ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचं स्मरण केलं जातं. बाहेर स्कूटर आणि सायकली लागतात. बायकांच्या साड्या पाहून कोण कुठलं ते जाणकाराला ओळखता येतं. सोनेरी काठाची पांढरट साडी आणि केसात गजरा असेल तर केरळ. पांढऱ्यावर लाल काठ असेल तर जशपूर किंवा रांचीकडची उरांव बाई. प्रार्थना हिंदीत, पण मिस्सा संपल्यावर व्हरांड्यात जी कुजबूज सुरू होते ती मलयाळममध्ये, सादरीत, तमिळमध्ये. मुलं मात्र सगळी एकजात भिलाईची हिंदी बोलतात.

‘हे सगळे एकच का?’ असा प्रश्न शेजारच्या घरांना पडतो. उत्तर ‘हो’ असं आहे आणि ‘नाही’ असंही.

एक घर, चोवीस खोल्या

आपल्याकडे समज असा की कॅथलिक म्हणजे रोमचे, पोपचे आणि म्हणून सगळे सारखे. पोपला मानणारे हे खरं. पण कॅथलिक चर्च ही चोवीस चर्चची मिळून एक संस्था आहे. त्यांतलं सर्वांत मोठं लॅटिन चर्च. उरलेली तेवीस पूर्वेकडची. त्यांचे विधी वेगळे, काही ठिकाणी नियम वेगळे. पूर्वेकडच्या काही चर्चमध्ये तर लग्न झालेला पुरुषही धर्मगुरू होऊ शकतो. श्रद्धा एक आणि पोप एक.

या चोवीसांपैकी तीन भारतात आहेत. गोवा, वसई, मुंबई, मंगळूर, तमिळनाडू, छोटा नागपूर इथले बहुतेक सगळे लॅटिन. केरळात त्याच्या जोडीला सिरो-मलबार आणि सिरो-मलंकर. परंपरा सांगते की येशूचा शिष्य थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला. या ‘सेंट थॉमस ख्रिश्चनां’ची प्रार्थनेची भाषा सिरियाक होती. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना इथं आधीच ख्रिस्ती लोक सापडले, आणि ते आपल्यासारखे नाहीत याचा रागही आला. १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या सभेत या जुन्या समाजाला लॅटिन वळण लावायचा घाट घातला गेला. १६५३ मध्ये मट्टंचेरीला लोकांनी दोरी क्रुसाला बांधून, ती हातात धरून शपथ घेतली की या पाद्र्यांचं आम्ही ऐकणार नाही. तिथून घराण्यात वाटणी झाली. काही रोमबरोबर राहिले, काही वेगळे झाले. वेगळे झालेल्यांपैकी काही १९३० मध्ये मार इवानिओस यांच्याबरोबर परत आले, तेच सिरो-मलंकर.

हा सगळा इतिहास भिलाईत एका गल्लीत भेटतो. एक मलयाळी कुटुंब कॅथलिक, त्याच्या समोरचं मलंकर ऑर्थोडॉक्स. दोघांच्या घरी नाताळला केक, दोघांच्या भिंतीवर येशूची तसबीर. शेजारणीला फरक कळत नाही, आणि कळावा तरी कसा? भिलाईतलं सेंट थॉमस कॉलेज पुष्कळांना कॅथलिकांचं वाटतं, पण ते ऑर्थोडॉक्स चर्चनं काढलेलं आहे.

छत्तीसगडमध्ये तर चर्चच्या नकाशातही ही सरमिसळ दिसते. रायपूरचा धर्मप्रांत लॅटिन पद्धतीचा. १९६४ मध्ये त्याची सुरुवात झाली, १९७३ मध्ये तो धर्मप्रांत झाला आणि २००४ मध्ये महाधर्मप्रांत. पण खाली बस्तरमधलं जगदलपूर सिरो-मलबार पद्धतीचं. म्हणजे भिलाईहून बसमध्ये बसून जगदलपूरला उतरलेला कॅथलिक एकाच राज्यात एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत जातो.

कासव, वाघ आणि उंदीर

भिलाईच्या चर्चमधल्या हजेरीत काही आडनावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात: एक्का, लकडा, तिर्की, मिंज, टोप्पो, कुजूर. ही उरांव आदिवासींची कुळं. एक्का म्हणजे कासव. लकडा म्हणजे वाघ. तिर्की म्हणजे उंदराचं पिल्लू. ज्याचं जे कुळ, त्यानं तो प्राणी मारायचा नाही, आणि एका कुळात सोयरीक करायची नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडची देवकं आठवावीत. ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या तरी लग्न ठरवताना कुळ विचारलं जातंच. बाप्तिस्म्याचं नाव फ्रान्सिस आणि आडनाव कासव, दोन्ही एकाच माणसाचं.

हे लोक कॅथलिक झाले कसे, याची गोष्ट बेल्जियममधल्या मूर्सलेड नावाच्या खेड्यापासून सुरू होते. तिथं १८५६ मध्ये शेतकरी कुटुंबात कॉन्स्टंट लीव्हन्स जन्मला. जेझुइट झाला, १८८० मध्ये भारतात आला आणि १८८५ मध्ये छोटा नागपूरला पोचला. तिथं त्याच्या लक्षात आलं की मुंडा, उरांव माणसाचं मुख्य दुखणं जमिनीचं आहे. बाहेरून आलेले जमीनदार आणि सावकार खोटी कागदपत्रं करून शेतं घेत होते, वेठ घेत होते. कोर्टाची भाषा यांना कळत नव्हती. लीव्हन्सनं काय केलं? कुळकायदा पाठ केला. आदिवासींना वेठ किती, सारा किती, पावती कशी मागायची ते शिकवलं. खटल्यांत त्यांच्या पाठीशी उभा राहिला. खटले जिंकले जाऊ लागले तशी गावंच्या गावं त्याच्याकडे येऊ लागली. सात वर्षांत हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. घोड्यावरून हिंडत राहिलेल्या या माणसाला क्षयानं गाठलं. १८९२ मध्ये तो मायदेशी परतला आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी लुव्हेनमध्ये वारला. वय ३७. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याचे अवशेष रांचीला आणून तिथल्या कॅथेड्रलमध्ये ठेवले गेले.

इथं एक प्रश्न टाळून चालणार नाही. हे लोक श्रद्धेनं आले की जमिनीसाठी? खुद्द चर्चमध्येही तेव्हा ही शंका घेतली गेली होती. खरं सांगायचं तर शेत वाचवणारा माणूस ज्या देवाचं नाव घेतो त्या देवाकडे माणूस वळतो, हे जगात सगळीकडे झालेलं आहे. निव्वळ लोभ म्हणावा तर लोभ संपल्यावर माणसं टिकली नसती. ही माणसं टिकली.

लीव्हन्सच्या मागून आलेला जर्मन जेझुइट योहान बाप्टिस्ट हॉफमन हा तर विलक्षणच. १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याच्या घडणीत त्याचा वाटा होता. आदिवासींची जमीन बाहेरच्याला विकता येऊ नये, हा त्या कायद्याचा गाभा. १९०९ मध्ये त्यानं आदिवासींसाठी सहकारी पतपेढी काढली, म्हणजे सावकाराकडे जायलाच नको. उरलेल्या वेळात मुंडारी भाषेचा अनेक खंडांचा ज्ञानकोश लिहिला. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्याला देशाबाहेर काढलं.

छोटा नागपूरची ही लाट पश्चिमेला सरकत जशपूर संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात आली. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडमध्ये ख्रिस्ती लोक दोन टक्क्यांहूनही थोडे कमी, सुमारे ४ लाख ९० हजार. एकट्या जशपूर जिल्ह्यात मात्र ते सुमारे २२ टक्के. तिथल्या कुनकुरीत १९६२ मध्ये बांधायला घेतलेलं आणि १९७९ मध्ये पुरं झालेलं महागिरजाघर आहे. एका वेळी सुमारे दहा हजार माणसं बसू शकतात. आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होते. नाताळला लोक चालत येतात, ट्रॅक्टरनं येतात, मांदर वाजतो. भिलाईत कारखान्यात किंवा इस्पितळात नोकरीला असलेला उरांव माणूस डिसेंबरात रजा टाकतो तो तिकडे जायला.

जगाचा हिशोब

आता जरा भिलाईच्या बाहेर पाहू. व्हॅटिकनच्या वार्षिक हिशोबानुसार २०२३ मध्ये जगात कॅथलिक होते १४० कोटी ६० लाख. म्हणजे साधारण भारताच्या लोकसंख्येइतके. पण कुठं? आपल्या डोळ्यांसमोर येतं ते इटली, फ्रान्स, जुनी दगडी चर्च. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मे, ४७.८ टक्के, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. एकट्या ब्राझीलमध्ये १८ कोटी २० लाख. सगळा युरोप मिळून २०.४ टक्के, आणि आफ्रिका त्याच्या खांद्याला खांदा लावून २० टक्के. वाढीचा वेग पाहता आफ्रिका पुढं जाणार हे उघड आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, म्हणजे किन्शासा राजधानी असलेल्या मोठ्या काँगोत, जवळपास साडेपाच कोटी कॅथलिक आहेत. आशियाचा वाटा ११ टक्के. त्यांत फिलिपिन्स ९ कोटी ३० लाख, भारत २ कोटी ३० लाख. इंडोनेशियाशेजारचा चिमुकला पूर्व तिमोर तर शंभरातले सत्त्याण्णव कॅथलिक.

युरोपात रविवारी बाकं रिकामी असतात, सेमिनरी ओस पडल्या आहेत. जर्मनीत, इटलीत कित्येक गावांतला फादर आज भारतातून गेलेला असतो. एके काळी बेल्जियमहून लीव्हन्स इकडे आला होता. आता कोट्टायमचा किंवा त्रिशूरचा तरुण थंडीत कुडकुडत जर्मन म्हाताऱ्यांना जर्मनमध्ये प्रवचन देतो. काळानं असा उलटा फेरा घेतला आहे.

८ मे २०२५ रोजी निवडले गेलेले पोप लिओ चौदावे शिकागोचे, पण आयुष्याची कितीतरी वर्षं पेरूमध्ये घालवलेले आणि पेरूचं नागरिकत्व घेतलेले. त्यांना निवडणाऱ्या १३३ कार्डिनलांत चार भारतीय होते: गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला, सिरो-मलंकर चर्चचे बसेलिओस क्लिमिस आणि सिरो-मलबारचे जॉर्ज कूवकाट. वर सांगितलेल्या तिन्ही खोल्यांतले. पूला हे दलित समाजातून कार्डिनल झालेले पहिले. आणि आदिवासी समाजातून कार्डिनल होणारे आशियातले पहिले होते रांचीचे तेलेस्फोर टोप्पो. २००३ मध्ये त्यांना ती टोपी मिळाली, ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ते वारले. आडनाव टोप्पो, उरांवच.

आखाताचा किस्सा वेगळाच. भिलाईतल्या किती मलयाळी घरांतला एक तरी मुलगा किंवा मुलगी दुबईत, दोह्यात, बहरीनमध्ये आहे ते मोजायलाच नको. तिकडे चर्च भरभरून वाहतात, कारण बांधकामावरचे मजूर, नर्स, घरकामवाल्या बाया भारतातून आणि फिलिपिन्समधून जातात. सुटी शुक्रवारची, म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारी! संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी केली तेव्हा तिथल्या कॅथलिकांचा रविवार रविवारी परत आला. बहरीनमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ हे मोठं कॅथेड्रल झालं. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीच्या मैदानावर पोप फ्रान्सिस यांच्या मिस्सेला दीड-पावणेदोन लाख माणसं जमली होती. शेजारच्या सौदी अरेबियात मात्र एकही चर्च नाही. तिथं असलेला माणूस खोलीचं दार लावून जपमाळ ओढतो.

वसईचा गोन्सालो

या जगभरच्या येण्या-जाण्यात मराठी मुलखाचं एक नाव फार आधी लागलेलं आहे. वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. पोरवयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला. पुढं व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. १५९३ मध्ये मनिलाहून जपानच्या राज्यकर्त्या हिदेयोशीकडे शिष्टमंडळ गेलं तेव्हा दुभाष्या होता हा वसईचा मुलगा. पण हिदेयोशीचं मन फिरलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं गेलं, त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये नववे पोप पायस यांनी त्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं.

त्यानंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पाद्री नाही, चर्च नाही, पुस्तक नाही. तरी काही खेड्यांनी सुमारे अडीचशे वर्षं चोरून प्रार्थना चालू ठेवल्या. मेरीची मूर्ती कुणी ओळखू नये म्हणून ती बौद्ध कन्नन देवीसारखी घडवली. १८६५ मध्ये नागासाकीत नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी खेड्यातले काही लोक आले आणि फ्रेंच फादरच्या कानाशी सांगितलं की, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. त्याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला. तिथल्या बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले. जपानमध्ये आज कॅथलिक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहेत, आणि वसईत गोन्सालोच्या नावानं कॉलेज आहे.

वसईचे कॅथलिक मराठीत मिस्सा ऐकतात, सामवेदी बोलीत भांडतात. गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत रचलं. ‘क्रिस्तपुराण’ हे नावच पुरेसं बोलकं आहे. आणि उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

दुर्ग स्टेशनवरचा दिवस

भिलाईच्या कॅथलिकांना हे सगळं अभिमानानं सांगता येतं. पण गेली काही वर्षं ते जरा हळू आवाजात सांगतात.

२५ जुलै २०२५ रोजी, भिलाईपासून हाकेच्या अंतरावरच्या दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन धर्मभगिनी आणि एक आदिवासी तरुण यांना रेल्वे पोलिसांनी अटक केली. त्यांच्याबरोबर नारायणपूर जिल्ह्यातल्या तरुण मुली होत्या. बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांची तक्रार होती की हा मानवी तस्करीचा आणि सक्तीच्या धर्मांतराचा प्रकार आहे. चर्चचं म्हणणं होतं की मुली सज्ञान आहेत, घरच्यांच्या संमतीनं नोकरीसाठी निघाल्या आहेत. केरळात सगळ्या पक्षांनी आवाज उठवला, संसदेत गदारोळ झाला. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयानं तिघांना जामीन दिला. त्या आठवड्यात भिलाईत झगा घालून भाजी आणायला जाणाऱ्या सिस्टरच्या मनात काय असेल, ते कुणालाही कळावं.

या तणावाची मुळं मात्र २०२५ ची नाहीत, आणि त्यांतही मराठी नावं भेटतात. १९५२ मध्ये जशपूरला रमाकांत ऊर्फ बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रम सुरू केला. मिशनऱ्यांच्या शाळा, वसतिगृहं आहेत तशी आपलीही असावीत, आदिवासी आपल्या परंपरेत राहावेत, ही त्यामागची भूमिका. १९५४ मध्ये नागपूरच्या तेव्हाच्या सरकारनं उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ च्या अहवालात मिशनऱ्यांवर प्रलोभनाचे गंभीर आरोप होते. चर्चनं ते फेटाळले. १९६८ मध्ये मध्य प्रदेशानं धर्म स्वातंत्र्य कायदा केला, आणि २००० मध्ये राज्य वेगळं झालं तेव्हा तो कायदा छत्तीसगडकडे वारशानं आला.

दोन्हीकडे तथ्य आहे. परदेशी पैशाच्या जोरावर कुणाच्या गरिबीचा फायदा घ्यायचा नाही, हे कुठलाही सरळ माणूस मान्य करील. पण पणजोबाच्या काळात ख्रिस्ती झालेल्या, चार पिढ्या इथंच नांगर धरलेल्या उरांवाला ‘तू परका’ म्हणणं कसं पटावं? आदिवासी ख्रिस्ती झाला तरी त्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा कायद्यानं जात नाही. दलितांचं तसं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. आता आदिवासींचाही दर्जा काढावा अशी मागणी जोर धरते आहे. एक्का, तिर्की आडनावाच्या घरात रात्री जेवताना याच गोष्टीची चर्चा होते. मुलीच्या वसतिगृहाची जागा, मुलाची नोकरी, शेताचा सातबारा, सगळंच त्या एका दाखल्याला टांगलेलं आहे.

हिंदीत मागितलेली भाकर

जुन्या पिढीतल्या मलयाळी आजीला लॅटिन मिस्सा आठवते. फादर लोकांकडे पाठ करून उभे राहायचे आणि न कळणाऱ्या भाषेत बोलायचे. १९६२ ते १९६५ दरम्यान भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकांची भाषा आत आणली. १९६९ मध्ये भारतासाठी बारा रूपांतरांना मान्यता मिळाली: पादत्राणं बाहेर, जमिनीवर मांडी, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमन, आरती. आपल्या मराठी डोळ्यांना समई, उदबत्ती, आरती पाहून घरच्यासारखं वाटतं. काही कॅथलिकांना हे आवडलं, काही अजून नाक मुरडतात. केरळातल्या सिरो-मलबार चर्चमध्ये तर मिस्सा सांगताना धर्मगुरूनं तोंड कुणीकडे करायचं यावरून अलीकडे इतका वाद झाला की एर्नाकुलमचं कॅथेड्रल बंद ठेवावं लागलं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच.

भिलाईत मात्र तडजोड आपोआप झाली. कारखान्याच्या पाळीनं ती शिकवली. नवरा रात्रपाळी करून आलेला, मुलांना परीक्षा, त्यामुळे मिस्सा नेमकी तासाभराची हवी आणि सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत हवी. ‘हे पिता हमारे’ म्हणताना मलयाळी आजीचा उच्चार वेगळा, उरांव काकांचा वेगळा. मुलांचा एकच. ओणमला फुलांची रांगोळी, करमाला मांदर, नाताळला सगळ्यांच्या घरी सगळ्यांचा फराळ: केरळचा केक, जशपूरचा अरसा, आणि शेजारच्या मराठी काकूंनी न चुकता पाठवलेल्या करंज्या.

पुढच्या पिढीचं काय, हा प्रश्न आहे. कारखान्यात पूर्वीसारखी भरती होत नाही. मुलं पुणे, बंगळूर, दुबई, कॅनडा गाठतात. निवृत्त झालेल्या मलयाळी जोडप्यांपैकी काही गावी परततात. पण गावच्या घरी भावाची मुलं राहतात, आणि चाळीस वर्षं छत्तीसगडची भाजी खाल्लेल्या माणसाला कोट्टायमचा पाऊस सोसत नाही. उरांव कुटुंबांचं गाव रेल्वेच्या एका रात्रीवर आहे, तरी तिकडे डोंगराला लागलेलं घर धाकट्या भावाच्या नावावर. मग पुष्कळ जण इथंच राहतात.

दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कॅथलिक लोक कबरी धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. ब्राझीलमध्ये, मनिलात, नागासाकीत, वसईत, कुनकुरीत हे सगळं एकाच दिवशी चालतं. भिलाईतही संध्याकाळी बायका बादल्या आणि झाडू घेऊन येतात. एखादी मलयाळी बाई नवऱ्याच्या कबरीवरची धूळ पुसते. शेजारच्या कबरीवर मेणबत्ती नसेल तर आपल्यातली एक काढून तिकडे लावते. त्या दगडावर बहुधा तिर्की किंवा मिंज लिहिलेलं असतं.